पाहुण्यांची बाजू

नाइट ड्यूटी सुलभा अवळेच्या गळ्यात घातली,
बदल्यात तिला माझे दोन रविवार दिले
आणि मिरजेहून दुपारची गाडी धरली.
किर्लोस्करवाडी, ताकारी, कऱ्हाड, मसूर.
पर्समध्ये निळा स्कार्फ, घडी घालून,
चोरीचा माल असावा तसा.

साताऱ्याचं स्टेशन काही साताऱ्यात नाही.
रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं,
सेमी फायनलला ना? कुणाकडनं?
मी म्हटलं, नुसती बघायला.
कोंबडा आरवायच्या आधीच एकदा झालं माझं.

तिकिटावर छापलं होतं : पाहुण्यांची बाजू, ओळ तीन.
तिथं जाऊन बघते तर यजमानांची वाजंत्री,
दोन ताशे, एक हलगी, शिवाय जनरेटर.
आम्ही मिरजेची नऊ माणसं
डाळीतल्या खड्यांसारखी गर्दीत कुठं कुठं.
शेजारी एक बाई, मांडीवर पोरगा,
पोराच्या दोन्ही गालांवर पिवळा रंग.
"पावणं कुठलं म्हणायचं?"
"मिरज."
"म्हणजे वैरीच की," म्हणाली,
आणि सरकून जागा केली.

टर्फवर नुकतंच पाणी मारलेलं.
चेंडू पळाला की त्याच्यामागं
तुषारांची बारीक शेपटी उठायची.
किल्ल्यावरच्या टॉवरचा लाल दिवा लागला, तरी शून्य-शून्य.

आमचा सेंटर फॉरवर्ड सिलास टोप्पो, सुंदरगडचा.
आमचा म्हणजे फेब्रुवारीपासूनचा,
करार संपला की जाणारा.
मराठीतलं एकच वाक्य येतं त्याला :
ताई, दुखतंय.
ते मीच शिकवलंय, कॅज्युअल्टीत,
त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधताना.

तिसऱ्या क्वार्टरला पेनल्टी कॉर्नर.
चेंडू थांबवला, ढकलला, कुणाच्या तरी पॅडला लागून उडाला,
आणि टोप्पोनं हवेतल्या हवेत,
ताटावरची माशी हाकलावी तसा
स्टिकचा नुसता वारा दिला.

मी ओरडले.
अख्ख्या स्टँडमध्ये मी एकटी.
ताशा थांबला. हलगी थांबली.
चारशे माणसांनी वळून पाहिलं,
आणि माझा आवाज
जनरेटरच्या घरघरीवर जरा वेळ तसाच राहिला,
उतरायला जागा मिळेना त्याला.
मांडीवरचं पोरगं रडायला लागलं.
मी वार्डात कुजबुजणारी बाई,
सव्वीस वर्षं कुणाला जाग येऊ नये म्हणून
चपला बदलणारी.

मग काय, झालीच बरोबरी, दोन मिनिटं राहिली असताना.
शूटआऊटला ती बाई म्हणाली, माझ्यानं बसवत नाही,
आणि पोरगं माझ्याकडं देऊन
बाकावर चढली.
आठ सेकंद, एक खेळाडू, एक गोलकीपर.
पोराचं नाक वाहत होतं, कपाळ जरा गरम.
सवयीनं मी त्याची नाडी बघत होते,
मोजत होते टोप्पोचे सेकंद.
पाच.
सहा.
त्यानं गोलकीपरला गुडघ्यावर आणलं,
बाजूनं वळसा घेतला,
आणि रिकाम्या गोलसमोर पाय घसरला.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं.
कुणीतरी हातावर कंदी पेढा ठेवला,
वैऱ्याचा म्हणून टाकून देववेना,
खाल्लाही.
कठड्याखालून टोप्पो गेला,
मानेवर टॉवेल, डाव्या हातानं उजवा अंगठा धरून.
मी हाक मारली.
त्यानं वर पाहिलं, ओळखलं नाही.
पांढऱ्या कपड्यांशिवाय कोण ओळखतं मला?
त्याला दुसरं एखादं वाक्य शिकवायला हवं होतं.

"तोंड पाडू नका," बाई पोराला घेत म्हणाली,
"आम्ही गेल्या साली तुमच्याकडं येऊन
चार खाल्ले होते.
आन् ह्याला ताप हाय का ओ?"
मी औषध लिहून दिलं,
तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला.

परतीच्या गाडीत दिव्याखाली बसले तेव्हा दिसलं :
बाहीवर पिवळा डाग, पोराच्या गालाएवढा.
चोळला, तर पसरला.
सकाळी सुलभा विचारेल.
हळद लागली म्हणेन.
सांगलीच्या आसपास राहून
एवढं खोटं खपून जातं.