भट्टीचं तोंड

कान लहानपणापासून वाहायचा त्याचा.
आम्ही त्याला आजार म्हटलंच नाही कधी,
उशीच्या अभ्र्यावरचा पिवळा डाग म्हटलं,
कोमट तेलाचे दोन थेंब, कापसाचा बोळा, झालं.

मग एका मंगळवारी कौलांच्या कारखान्यातनं आला
आणि मला म्हणाला, ‘चावी, डोकं दुखतंय.’
मी चावी दिली.
ती हातात धरून तो रडला.

बेळगावात डॉक्टर हिरेमठांनी फिल्म उजेडाला धरली.
डाव्या कानाच्या वर, मेंदूत, एक गोल कडी.
कडीत पू.
भोक पाडून निघाला तेवढा काढला.
‘उरलेला औषधानं. सहा आठवडे. शिरेतनं.’

पांढरी पूड पाण्यात विरघळवून दोन वेळा,
आणि आठ-आठ तासांनी दुसरी बाटली,
जिच्यानं त्याच्या जिभेवर पितळ चढायचं.
सेफ्ट्रिॲक्झोन, मेट्रोनिडाझोल –
नव्या सुनेला जावांची व्हावीत
तशी नावं पाठ झाली मला.

दहाव्या दिवशी ताप गेला.
दीर म्हणाला, ‘आता गोळ्या लिहून घेऊ की.
बिल बघितलंस काय?’
बघितलं होतं. भिशी मीच मोडली होती.
खरं मी भट्टीवर वाढलेली.
जाळ विझला म्हणून कुणी भट्टीचं तोंड फोडत नाही.
आत लाल असतं अजून.
घाईनं वारा शिरला की अख्खा थर तडकतो,
वरनं दिसतसुद्धा नाही.

राहू दे, म्हटलं.

हाताची शीर सापडेना, मग पायाची, मग गळ्याजवळ.
एकविसाव्या दिवशी अठ्ठावीस मिलिमीटरचे एकोणीस.
सिस्टर रुद्रव्वा कन्नडमधनं विचारायची,
मी मराठीतनं सांगायची,
मधे पडून तो दोन्हीकडचं वेचायचा.
‘नीरु’ आधी आलं. ‘पाणी’ चार दिवसांनी.
सासूबाईंना ते लागलं.
मला तहान कळली होती.

बेचाळिसाव्या दिवशी सुई काढली.
फिल्मवर एक फिकट खूण अजून.
‘ती राहील,’ डॉक्टर म्हणाले, ‘तिच्यात काही जिवंत नाही.’
कानाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

खानापूरच्या बसची पाटी त्यानं वाचली,
कन्नड, एकेक अक्षर, बोट हवेत धरून.
माझं तिकीट शून्याचं, त्याचं पैशाचं.
देसूरच्या अलीकडं माझ्याकडं वळला,
‘चावी, सुट्टे दे.’

मग थांबला.
कपाळाला आठी.
ओठ एकदा मिटले, उघडले.

मी सांगितलं नाही.
कंडक्टर उभाच.