पिपरडोह हॉल्ट

माझी माय रेल्वेत नव्हती.
रेल्वे मायच्या ट्रंकेत होती:
रबर लावलेली पुठ्ठ्याच्या तिकिटांची गड्डी,
शाईचं पॅड, एक लांबोडी वही,
आणि हॉल्ट एजंटचा करारनामा, ज्यावर
पार्बता शेंडेचं साहेबानं पार्वती करून टाकलं
आणि मायनं ते कधी दुरुस्त करू दिलं नाही.
"पार्वतीले पगार नाही," म्हणायची,
"नुसतं कमिशन हाय. त्याच्यावर पार्बता जगते."

दर सोमवारी ती इतवारीला जायची,
स्वतःच्या पैशानं तिकिटं विकत आणायची,
मग करंजीखाली पोतं टाकून
ती गावाला विकायची.

रूळ तिच्या आज्याच्याही आधीचे.
मँगनीजसाठी टाकलेले.
बांध घालताना माती वाहणाऱ्याला
टोपलीमागे एक कवडी मिळे,
सांजेला कवड्या मोजून पैसे.
मडाव्यांच्या घरी अशा सात कवड्या होत्या,
न वटलेल्या.
सकवारबाई त्यांनी आमच्याशी अष्टचंगा खेळायची
आणि हरली की म्हणायची,
"साहेबाकडं बाकी हाय माही, तिथून घे."

दगड संपला. मग धान चढलं, मिरची चढली,
गांधीबागेतून सूत आणणाऱ्या कोष्ट्यांची गाठोडी,
कुणाची शिकवणीला निघालेली सायकल.
एका साली इतकी मिरची, की ड्रायव्हर
शिंकत शिंकत शिट्टी वाजवायचा
आणि पोरं ओरडायची, इंजिनाले पडसं झालं बाप्पा!

पडतीची तारीख वहीत सापडत नाही.
नुसते आकडे खाली जातात,
उन्हाळ्यात विहीर जाते तसे.
एकशे बारा.
नव्वद.
चौपन्न.
एके दिवशी अकरा, त्यातला एक अर्धा.
डांबरी रस्ता झाला, काळीपिवळी आली,
मग घरोघरी मोटरसायकली.
मायनं मोटरसायकलींना कधी दोष दिला नाही.
एक माझीही होती.

शेवटच्या दिवशी नागपुरातून फोटो काढायला लोक आले.
डब्याच्या दारात लटकले, हार घातले इंजिनाला.
परतीचं तिकीट कुणीच काढलं नाही,
त्यांच्या गाड्या फाटकापाशी उभ्या होत्या.

त्रेचाळीस तिकिटं उरली.
अर्ज केल्यास रक्कम परत मिळेल, असं पत्र आलं.
पार्वतीच्या नावे.
"मंग करू दे तिलेच अर्ज," माय म्हणाली
आणि भाकरी थापत राहिली.

रूळ वजनावर गेले.
स्लीपर ज्यानं त्यानं उचलले;
आमच्या गोठ्याची चौकट त्यांचीच,
चैतात अजून तिला डांबराचा घाम येतो.
बांधावर आता मिरची वाळत घालतात लोक.
टेकडीवरून पाहिलं तर
एक लाल पट्टा, वळणावर बरोब्बर वळलेला,
फार तर अडीच फूट रुंद.

माय गेल्यावर ट्रंक उघडली.
मोजली. बेचाळीस.
पायरीवर उजेडात बसून पुन्हा मोजली.

वहीच्या शेवटच्या पानावर
गाडी बंद पडल्याच्या दोन वर्षांनंतरची तारीख,
तिचं ते कललेलं अक्षर:
इतवारी. फुल एक. रोख दहा मिळाले.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथं तिनं आजवर काहीच लिहिलं नव्हतं:
गाडी लेट आहे सांगितले. सोबत बसले.

कोण आलं असेल?
सकवारबाईचा म्हातारा, ज्याला अखेरीस
स्वतःचं घरही परकं वाटे?
कुणी वाट चुकलेला?
गावात विचारलं, कुणाला ठाऊक नाही.
करंजी तेवढी आहे, पण ती वळणाच्या पलीकडलंच बघते.

गड्डीखाली घडी केलेली दहाची नोट होती.
सबंध.
कमिशन कापलेलं नव्हतं.