शीळ

हेल्यू वाहेर आल्या, दाराशी बूट काढले,
लोकरी मोज्यांनिशी खुर्चीत चढल्या.
वय एकोणऐंशी. वरचे पुढचे दोन दात
गेल्या हिवाळ्यात राईच्या पावाच्या कडेवर गेले.
"पाव चांगला होता," त्यांनी बजावलं.

मी नमुने मांडले.
इम्प्लांट: हाडात स्क्रू, वर दात.
त्यासाठी हीयुमाहून तीनदा बोटीनं पलीकडे,
समुद्र गोठला तर देव जाणे.
"टिकेल किती?"
पंचवीस वर्षं, नीट जपलात तर.
त्यांनी बोटांवर मोजलं, मग हसल्या;
फटीतून आधी वारा आला, मागून हसू.
"म्हणजे वरची दहा वर्षं तो कुणाला देऊ?"

मग ब्रिज. दोन्हीकडचे दात घासून बारीक करायचे,
त्यांवर टोप्या, मधे पूल.
"ते धड आहेत ना?"
धड आहेत.
"मग त्यांना कशाला?"
काल्यो होड्या बांधायचा, त्या म्हणाल्या.
कुजकी फळी बदलताना शेजारच्या फळीला
रंधा लावला एका पोरानं,
तर त्याला जेवायला बसू दिलं नाही त्या दिवशी.

राहिली कवळी. छोटी, गुलाबी, तारेच्या आकड्यांची.
रात्री काढून पाण्यात ठेवायची.
"काल्योची असायची. ग्लासात.
तो गेला नोव्हेंबरात.
ग्लास धुवायला मला एप्रिल उजाडला."
यावर माझ्याकडे माहितीपत्रक नव्हतं.

खर्चाचा कागद त्यांनी चष्म्याशिवाय वाचला
आणि पालथा घातला.
"एक सांग. शीळ कशात वाजेल?"

लोक चावण्याचं विचारतात, फोटोचं विचारतात,
नातीच्या लग्नात सूपमध्ये पडेल का, विचारतात.
हे कुणी विचारलं नव्हतं.

कवळीच घेतली. मार्चमध्ये बसवली.
थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं:
गाड्यांच्या पलीकडे, जुनिपरच्या झुडपांत मुरी हुंगत होता
आणि हेल्यू शीळ घालत होत्या,
स्वच्छ, धारदार, काचेवर नाणं वाजावं तशी.
कुत्रा थबकला. कान उभे.
बर्फभर नजर फिरवली त्यानं:
हे परकं कोण बोलावतंय?
वर्षभरात त्याला फटीतली शीळ पाठ झाली होती.

हेल्यूंनी कवळी काढली,
रुमालात गुंडाळून खिशात टाकली,
ओठ आवळले.
अर्धा सूर, बाकी नुसता वारा.
तो सुटलाच.

मी फाइलीत लिहिलं:
कवळी नीट बसली आहे.
जेवताना वापरतील.