विंगेतून

धानाच्या कोठीला टेकवून ठेवलंय टेबल,
रेंज तिथेच येते म्हणून.
स्क्रीनवर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ,
समासात तांबडा ठिपका,
तळाशी यादी: चुका अकरा, इशारे सदतीस.
एक कळ दाबली की पुढची चूक,
शिफ्ट धरून दाबली की मागची.
अकरावीनंतर पुन्हा पहिली,
मंडईतल्या पाळण्यासारखं,
उतरायचं कधी ते आपणच ठरवायचं.

बाबा मागे येऊन उभे, हातात चहाची बशी.
'हे लाल काय?'
चुका.
'कोनाच्या?'
माझ्याच.
'आन् दाखवते कोन?'
मी लिहिते, ते वाचतं, म्हणते मी,
कुठे अडलं ते सांगतं.
बाबा बशी कोठीवर ठेवतात.
'म्हंजे प्रॉम्प्टर.'

छत्तीस हंगाम ते विंगेत बसले,
वडश्याच्या कंपनीत, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत,
रात्री दहा ते पहाटे कोंबडा आरवेतो.
मांडीवर वही, वहीवर बॅटरी, बॅटरीवर रुमाल,
उजेड लोकांत सांडू नये म्हणून.
ती वही मी लहानपणी पाहिली आहे.
संवादांच्या कडेला तांबड्या पेन्सिलीच्या फुल्या.
एक फुली: इथे मनिराम अडखळतो.
दोन फुल्या: इथून मनिराम थेट तिसऱ्या अंकात जातो.
आणि एका फुलीभोवती गोल:
इथे तो गप्प होतो. सांगू नये.

दुपारी यादी म्हणाली, ओळ दोनशे बारा.
दोनशे बारावर काहीच नव्हतं,
एक महिरपी कंस, एकटा, निर्दोष.
तासभर मी त्याच्याकडेच पाहत बसले.
बाबांना सांगितलं तर हसले.
'मानूस जिथं अडते ना पोरी, तिथं तो भुललेला नसते.
भुलते मागंच कुठंतरी,
अडते मंग.'
चढत गेले वर.
एकेचाळीसाव्या ओळीत उघडलेला कंस
बंद करायचा राहिला होता, परवापासून.
तो लावला
आणि खालच्या नऊ रेघा एकदम गेल्या,
लाइन गेल्यावर जातात तसे गावातले दिवे.
दोन उरल्या.
त्या खरंच माझ्या होत्या.

एक मात्र बाबांना पटत नाही.
माझा शब्द अर्धा असतानाच
त्याच्याखाली रेघ उमटते.
'काहून घाई करते ते?'
त्याला थांबलेलं कळत नाही, बाबा.
'मंग कायचा प्रॉम्प्टर?
थांबला का इसरला, हे वळखनं हेच तं काम होतं.
वाचून दाखवाले शाळंतलं पोट्टं बी चालते.'

सेटिंगची फाइल उघडून
मी एक ओळ बदलली:
लिहिताना तपासू नको,
जतन केल्यावर तपास.
आता अर्धं वाक्य उघडं टाकून
विहिरीपर्यंत जाऊन येता येतं.
परतले की ते तसंच असतं,
तोंड उघडं ठेवून, कोणी न हटकलेलं.

रात्री जेवताना बाबा म्हणतात,
'ते दे वं, ते...'
आणि हात ताटांवरून फिरत राहतो.
पोळ्यापासून होतंय हे.
मला दिसतंय त्यांना काय हवं आहे.
भाजी आईने आज अळणीच केली आहे,
शब्द माझ्या जिभेवर तयार आहे.
आईही ओठ उघडते,
मी ताटाखालून तिचा गुडघा दाबते.

हात थांबतो.
भिंतीवर पाल.
बाहेर कोणाची तरी मोटारसायकल बांधावरून जाते
आणि तिचा आवाज पार संपेपर्यंत
कोणीच काही बोलत नाही.

'मनिराम दे,' म्हणतात बाबा,
आणि त्यांचं त्यांनाच हसू येतं.

मी मीठ पुढे सरकवते.