एका तासाच्या आत

डबी काखेत धरायची, लॅबमधल्या पोरीनं सांगितलेलं.
गार पडू द्यायची नाही, उन्हातही नाही,
आणि एका तासाच्या आत इथं पोचवायची.
आधी कानडीत सांगितलं, मग मराठीत,
दोन्ही वेळा माझ्या मागच्या कॅलेंडरकडं बघत.

येळ्ळूरहून निघालो. सात पन्नास.
डावं कोपर बरगडीला दाबून गाडी चालवतोय,
तर अनगोळचं रेल्वे गेट पडलेलं.
मालगाडी. एकेचाळीस डबे मोजले,
मग मोजायचं सोडून घड्याळ बघितलं.
शेजारी स्कूटरवर मोनाप्पा कंग्राळकर.
"काय रे, हात असा का? काखमांजरी झाली काय?"
व्हय म्हटलं.
"हळद लाव," म्हणाला. "फुटंल आपोआप."

चार वर्षं शालनच्या पोटाचे फोटो काढले.
सुया टोचल्या, नळ्या तपासल्या,
सौंदत्तीला नारळ, खानापूरच्या बाईचा काढा,
आईनं अंगणातली पपई तोडून टाकली.
शालन प्रत्येक वेळी पिशवी भरून तयार.
मी रिक्षा बघून द्यायचो
आणि ड्युटीला जायचो.
काखेत कळसा, गावाला वळसा,
हे आई दुसऱ्यांबद्दल म्हणायची.

मी उद्यमबागेत, फाउंड्रीत.
लॅडल कलली की लोखंड दुधासारखं उतरतं,
पण दूध चौदाशे डिग्रीचं.
अकरा वर्षं मांड्यांना तो जाळ.
बूट जळाले, भुवया जळाल्या,
त्या दिसतात म्हणून कळलं.

रिपोर्ट इंग्रजीत. डॉक्टर हुक्केरीकडचे.
त्यांनी पेनानं गोल केला:
संख्या कमी. हालचाल अठरा टक्के.
धड आकाराचे, शंभरात दोन.
बाकी कुणाला डोकं मोठं, कुणाला शेपूट दोन,
कुणी जागच्या जागी गोल फिरणारे.
मला हे समजवावं लागलं नाही.
ब्लो-होल, तडा, अर्धा भरलेला साचा,
मी रोज खडूनं फुली मारतो.
आमच्याकडं शंभरात चार फुल्या झाल्या
तर मालक शेडमध्ये येऊन ओरडतो.
इथं अठ्ठ्याण्णव,
आणि डॉक्टर शांत.
"चिंते माडबेडा," म्हणाले. "मूरू तिंगळू."
तीन महिने. आज घडायला लागलेलं बी
बाहेर पडायला अडीच-तीन महिने घेतं.
तोवर जाळापासून लांब. गुटखा बंद.
होईलच म्हणत नाही, म्हणाले. बघू.

घरी कागद शालनला दिला.
तिला इंग्रजी येत नाही, मला थोडं.
आकडे मात्र दोघांना येतात.
बराच वेळ ती अठरावर बोट ठेवून होती.
मग म्हणाली, "म्हंजे ते पपईचं झाड
उगंच तोडलं."
मी भिंतीकडं तोंड केलं तेव्हा
"आता रडूलालास होय?" म्हणाली.
तिच्या आवाजात राग होता. असायलाच पाहिजे होता.

फोरमनकडं बदली मागितली, वाळू खात्यात.
कारण विचारलं. पाठ म्हणालो.
जुना भट्टीवाला हसला, "तीस वर्षं झाली मला, पाच पोरं."
मी काही बोललो नाही.
वाळू गार असते. साचा दाबताना
हात मनगटापर्यंत ओला होतो.
एकोणऐंशी दिवस झाले.

आज पुन्हा डबी. पुन्हा गेट पडलेलं.
पण मागं शालन बसलीय, डबी तिच्या काखेत,
पदराखाली, पाखराचं पिल्लू धरावं तशी.
आणि मोनाप्पा. त्याचं गेटाशिवाय दुसरं घर नाही काय, देव जाणे.
"काय रे, बरी झाली काय काखमांजरी?"
मी तोंड उघडणार,
तेवढ्यात शालन मागून:
"काखमांजरी नव्हं. ह्यांचं बी तपासायला चाललोय.
गाडी जरा मागं घ्या, वेळ होतोय."

मोनाप्पानं गाडी मागं घेतली.
आजूबाजूच्या दोघातिघांनीही.
समोर डबे चाललेत, एकामागून एक,
आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ
माझ्या बरगडीला लागतंय.
आठ एकवीस.