एक ओळ, एक शब्द

साखर पेठेत, खालचे माग थांबल्यावर
मी वरच्या खोलीत शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर उघडतो,
फुकटातलं, कुणीही आत हात घालावा असं.

आज अक्कलकोटहून एक दुरुस्ती आली. सिद्राम हलकुडे.
'दोऱ्याला' लिहिलं की आमचा र डोक्यावर चढून बसायचा,
त्यांनी एक ओळ बदलली, उतरवला खाली.
सोबत चिठ्ठी : नावबीव घालू नका, एवढं काय केलंय.

एवढं काय.
चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव असायचं,
इंग्रजीत, मोरासकट.
तुटला धागा थुंकी लावून जोडणारीची
फक्त गाठ. ती अजून आहे
आमच्या अंथरुणावर, झोपताना बोटाला लागते.

हलकुडेंना तेच लिहायला बसलो :
अम्मा बावीस वर्षं कांड्या भरायची.
'कांड्या'खाली लाल रेघ.
शब्दच नव्हता आमच्याकडे, इतक्या वर्षांत,
आणि खाली जिन्याशी टोपलीभर पडलेल्या!

घातला.
मग नावांची यादी उघडली.
एकशे तेरावे हलकुडे : एक ओळ.
त्याखाली नरसव्वा येमूल,
एक शब्द.