पोट भरेपर्यंत

देनियायच्या विहारात, रविवारी,
चाळीस मुलं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.
डोळे मिटलेले, निम्मे किलकिले.
मी म्हणते, श्वास येतो, जातो. नुसतं पाहा.
कुणाचं तरी पोट गुरगुरतं
आणि हसू या चटईवरून त्या चटईवर उडी मारतं.

थेविंदु हसत नाही.
त्याच्या घोट्यावर जळू,
फुगत फुगत जांभळाएवढी.
माझा हात पिशवीत जातो, मिठाच्या पुडीकडे
(येतानाच पायवाटेवर तिघींवर मीठ टाकून आले होते).

तो एक डोळा उघडतो,
ओठांवर बोट ठेवून
मलाच गप्प करतो.

घंटा होते. जळू आपणहून सुटते,
जड, सुस्तावलेली,
पायरीवरून ओल्या पाचोळ्यात.

"टीचर, तुम्हीच म्हणालात ना, पाहा.
मी पाहिलं. तिचं पोट भरलं."
मग जरा थांबून,
"आता फार खाजतंय."

करुणेचा धडा आज राहूनच गेला.
मी त्याचा पाय धुते आहे,
रक्त लवकर थांबत नाही,
आईला काय सांगायचं ते दोघांनाही सुचत नाही.
पिशवीतली पुडी कधी फुटली कळलं नाही,
माझी बोटं खारट, चिकट.